‘सगळं बरं आहे’ म्हणत गेलेलं वर्ष

प्रिय मावशी,

मी राळेगाव तालुक्यातल्या एका गावची, वय २५. गेल्या वर्षी सप्टेंबरात मँचेस्टरला पर्यावरण विषयात मास्टर्स करायला गेले, यंदा सप्टेंबरच्या शेवटी परत आले. मामांनी यवतमाळचं घर तारण ठेवलं म्हणून बँकेचं कर्ज मिळालं. तिथं आठवड्याला काही तास एका दुकानात काम करायचे. सुट्टीत लिव्हरपूल पाहिलं, एकदा रात्रीच्या बसनं एडिनबराला जाऊन आले.

आता गावात सगळे मला ‘लंडनवाली’ म्हणतात. कोणी विचारतं, ‘पॅरिस पाह्यलं का?’ कोणी विचारतं, ‘आता पगार किती भेटते?’ मी ‘छान होतं’ म्हणते आणि गप्प बसते. वर्षभरात मी काय शिकले ते लिहून काढायचं ठरवलं होतं. वही घेऊन बसले तर एक ओळ सुचेना. फोनमध्ये चार हजार फोटो आहेत.

घरी माझी नुसती चिडचिड होते. आई सगळ्यांच्या मागून जेवते, भाऊ ताट जागेवर टाकून उठतो. त्यावरून दिवाळीत भांडण झालं, तेव्हा बाबा म्हणाले, ‘तिकडचं इकडं नोको सांगू.’ बाबांनी बैलजोडी विकली तेही मला आल्यावर, गोठा रिकामा दिसला तेव्हा कळलं. पोळ्याला ते गावात थांबलेच नाहीत म्हणे, आत्याकडे गेले.

मी खरंच बदलले का, की नुसती फिरून आले? आणि तिथं पुढे राहायचा व्हिसा मिळत होता, तो न घेता आले ही चूक झाली का?

— लंडनवाली

पोरी,

व्हिसाचं आधी उरकून टाकते, त्यात बोलण्यासारखं फारसं नाही. शिक्षण संपल्यावर तिथं थांबून काम करण्याचा जो ग्रॅज्युएट व्हिसा असतो, त्याचा अर्ज ब्रिटनमध्ये असतानाच करावा लागतो, तोही विद्यार्थी व्हिसाची मुदत संपायच्या आत. तू राळेगावात बसली आहेस. घ्यायला हवा होता की नको होता याचा काथ्याकूट कितीही केलास तरी तो अर्ज आता होणार नाही. उद्या तिथल्या एखाद्या कंपनीनं नोकरी देऊन बोलावलं तर त्याचा व्हिसा निराळा, तो इथून निघतो. त्यामुळे जन्माचं दार लागलं असं काही नाही. हा विषय इथंच ठेवू.

तू स्वतःबद्दल पानभर लिहिलंस आणि बैलजोडी दोन ओळींत संपवलीस. मी मात्र त्या दोन ओळींवरच अडले.

कास्तकाराच्या घरची जोडी एका दिवसात जात नाही. आधी आठ-पंधरा दिवस नवरा-बायकोत बोलणं चालतं, मग अबोला चालतो. दलाल येतो, दात पाहतो, खांदा पाहतो, भाव पाडून बोलतो आणि चहा पिऊन जातो. बाजाराच्या दिवशी दावं सोडायची वेळ आली की घरातली बाई काहीतरी काम काढून आत निघून जाते. या सगळ्या दिवसांत तुझे घरी फोन होतच असणार. हिवाळ्यात तिथले दुपारचे तीन म्हणजे आपले रात्रीचे साडेआठ, जेवणाची वेळ. तू विचारलं असशील, ‘काय चाललंय?’ आणि तिकडून उत्तर आलं असेल, ‘काही नाही, सगळं बरं हाये. तू जेवली का?’

आता तुझ्या बाजूला येऊ. डिसेंबरात मँचेस्टरला दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो. वऱ्हाडातल्या उन्हात वाढलेल्या पोरीनं त्या अंधारात पहिले दोन महिने कसे काढले, दुकानात कोण काय बोललं, कुठला पेपर जाता जाता राहिला, किती वेळा परतीच्या तिकिटाचा भाव पाहून ठेवलास, यातलं घरी काय सांगितलंस? तूही ‘सगळं बरं आहे’च म्हणाली असशील. व्हिडिओ कॉल लावताना खोलीचा चांगला कोपरा दाखवला असशील.

दोन्हीकडून एकमेकांना जपण्याच्या नादात तुमच्या घराचं एक अख्खं वर्ष झाकलेलं राहिलं. माझ्या मते वही कोरी राहते ती यामुळेच. लिहायला बसलीस की तू फोटोंमधलं वर्ष, घरी पाठवलेलं वर्ष लिहायला जातेस. तुझं तुलाच ते पटत नाही, मग पेन थांबतं. आणि आईबाबांनी तुला जे वर्ष सांगितलं तेही तसंच निवडलेलं. त्या निवडलेल्या वर्षाशी तू स्वतःला ताडून पाहतेस आणि म्हणतेस, मी बदलले, इथं सगळं तसंच आहे. तसंच कुठं आहे? गोठा रिकामा आहे.

म्हणून वही बाजूला ठेव आणि आधी घरातलं गेल्या वर्षीचं आणि यंदाचं भिंतीवरचं कॅलेंडर शोध. आपल्याकडे कॅलेंडर कोणी फेकत नाही. पानं फडताळात अंथरतात, नाहीतर पोरांच्या पुस्तकांना कव्हर घालतात. तारखांच्या त्या चौकोनांत बायकांचा सगळा हिशेब असतो. दुधाचे खाडे, सिलिंडर लावलं ती तारीख, निंदणाला किती बाया होत्या, वेचणीचे किलो, कोणाला किती उसने दिले. माझ्या आईच्या कॅलेंडरवर गाय भरवल्याची तारीख आणि माझ्या मॅट्रिकच्या गणिताचा पेपर एकाच चौकोनात, एकाच पेनानं लिहिलेला होता. गाय वर, मी खाली.

ती कॅलेंडरं घेऊन आईजवळ बस. ती वेचणीवरून आली की लगेच नको, तेव्हा तिची कंबर बोलत असते. जेवणं झाल्यावर बस. एकेक महिना उलटत जा आणि विचार, इथं काय लिहिलंय, हे काय झालं होतं? त्या महिन्यातले तुझे फोटोही काढ, पण घरी पाठवलेले नकोत. जे पाठवले नाहीस, जे धूसर आले, पुसायचे राहून गेले, ते दाखव. ओल आलेली भिंत, बशीतला तोच तो ब्रेड, रात्री अकराला रिकामा बसस्टॉप. तिला सांग की हे तेव्हाचं.

यंदाचा ऑगस्टच घे. तिकडे मास्टर्सवाले सगळे प्रबंधाच्या मागे लागलेले, सप्टेंबरात तो द्यायचा असतो. इकडे पोळा. आदल्या दिवशी खांदशेकणी, बैलांना ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ म्हणायचं, दुसऱ्या दिवशी तोरणाखाली जोड्या उभ्या आणि झडत्यांचा, म्हणजे पोळ्याच्या गाण्यांचा, गलका. त्या गावात ज्याच्या दावणीला यंदा जोडी नाही असा एक माणूस बहिणीच्या गावाला जाणारी एसटी धरतो. त्या दिवशी तू कुठल्या टेबलाशी बसली होतीस, काय खाल्लंस, घरी फोन केलास का? केला असशील तर पोळ्याबद्दल काही विचारलंस का, आणि आईनं काय सांगितलं? तुझ्या वर्षाबद्दल लिहायचंच असेल तर मला वाटतं या एका दिवसापासून लिहिता येईल. दोन्ही गावं त्यात आहेत.

बाबांशी असं कॅलेंडर घेऊन बसता यायचं नाही. आपल्याकडच्या पुरुषाला समोर बसवून काही विचारलं की तो आखडतो. त्यांच्या मोटरसायकलवर मागे बसून वावरात जा. धुऱ्यावरून ते पुढे, तू मागे असं चालता चालता विचार, ‘बाबा, जोडी कोणाले देली?’ का विकली हे पहिल्यांदाच विचारू नकोस. त्यात जाब विचारल्यासारखं होतं, आणि या वयात पोरीला जाब देणं त्यांच्या जिवावर येईल. कोणाला दिली, कोणत्या गावी गेली, पांढऱ्याचा खांदा बरा झाला का, इथून सुरू झालं की बाकीचं ते स्वतःच सांगतील. त्या दिवशी नाही तर पुढच्या फेरीला.

पत्रात तू म्हणत नाहीस, पण जोडी आपल्यामुळे गेली असं तू मनात धरून बसली आहेस असा मला संशय आहे. असेलही, नसेलही. सालदार मिळत नाही, कुटाराचे भाव चढलेले, वखरणीपासून पेरणीपर्यंत ट्रॅक्टर भाड्यानं मिळतो, म्हणून विदर्भात गावोगावच्या जोड्या गेल्या. त्यांच्या घरच्या सगळ्याच पोरी काही परदेशात नव्हत्या. आणि समजा खरंच तुझ्या पैशासाठी विकली असेल, तर तिथल्या तिथं रडून ‘मी गेलेच नसते’ एवढं मात्र म्हणू नकोस. एका माणसानं विचार करून, काळजावर दगड ठेवून घेतलेला निर्णय तू एका वाक्यात मोडीत काढशील.

आता बदललीस का. बदललीस, आणि पुरावा दिवाळीचं भांडण. आई आधीही मागूनच जेवत होती आणि तू ते लहानपणापासून पाहत होतीस. आता तुझ्या घशाखाली घास उतरत नाही. हे चांगलं झालं, मी पूर्ण तुझ्या बाजूची आहे. भावानं ताट उचलावं, धुवावंही. त्याला हात आहेत.

फक्त ‘तिकडे’ म्हणणं काही महिने बंद कर. ‘तिकडे मुलं स्वतःची भांडी स्वतः धुतात’ असं म्हटलंस की भांडण ताटाचं राहत नाही, मँचेस्टर विरुद्ध गाव असं होतं, आणि मग बाबांना गावाची बाजू घ्यावीच लागते. त्यांना कदाचित ताटाबद्दल तुझंच पटत असेल, पण गाव हरलेलं त्यांना चालणार नाही. भावाला सरळ सांग, ‘तुझं ताट उचल.’ त्याला इंग्लंडचा दाखला लागत नाही. आईला भाषण देऊ नकोस, तिच्यासोबत मागून जेवायला बस. दोन दिवस ती ‘जेव नं वं आधी’ म्हणत राहील. तू ऐकू नकोस. बाहेरच्या खोलीत बाप-लेकच ताट घेऊन उरले की त्यांनाही चुकल्यासारखं वाटायला लागतं. हे मी दोन-तीन घरांत पाहिलंय. एका घरी तर आजोबाच आपलं ताट घेऊन चुलीजवळ येऊन बसले.

चिडचिडीपेक्षा मोठा एक बदल आहे, तो तुझ्या लक्षात आलेला दिसत नाही. परक्या देशात वर्षभर राहिलेल्या माणसाला एक वाक्य हजार वेळा म्हणावं लागतं: मला समजलं नाही, परत सांगा. घरमालकाला, बँकेतल्या बाईला, प्राध्यापकाला, बसच्या ड्रायव्हरला. पहिल्यांदा लाज वाटते, मग सवय होते. आता आपल्याकडे पाहा. तलाठ्यासमोर, सोसायटीत, पीक विम्याच्या रांगेत, सरकारी दवाखान्यात चांगली शहाणीसुरती माणसं न समजताच मान हलवून परत येतात, आणि मग एसटी स्टँडवर एकमेकांना विचारतात, ‘काय म्हणे तो?’ पुढच्या वेळी बाबा बँकेत किंवा तालुक्याला जातील तेव्हा सोबत जा. त्यांच्या पुढे होऊन बोलू नकोस, बाजूला उभी राहा. साहेब भराभर काहीतरी सांगून कागद परत सरकवेल, तेव्हा तुझ्या तोंडून ते वाक्य आपोआप निघेल, आवाज न चढवता. ई-पीक पाहणीच्या ॲपमध्ये नोंद अडकली असेल तर तीही बघ. एमएस्सीचं प्रमाणपत्र भिंतीवर लागेल तेव्हा लागेल, हे बाबांना त्याच दिवशी दिसेल.

गावातल्या प्रश्नांचं तू फार मनावर घेतलंस. पॅरिसवाल्यांना सांग की ब्रिटनचा व्हिसा फ्रान्सला चालत नाही, शेंगेनचा वेगळा काढावा लागतो. विषय संपला. पगार विचारणाऱ्याला पगार नाही म्हणून सांग, तोही संपला. ‘छान होतं’ या उत्तरानं मात्र समोरच्याचा अपमान होतो. त्याला वाटतं, हिला आपल्याशी बोलायचंच नाही. म्हाताऱ्या बायांना चार वाजता पडणारा अंधार सांग, आणि जूनमध्ये रात्री साडेनऊलाही उजेड असतो तेही सांग. बघ किती प्रश्न येतात. गुरं कधी बांधतात, सैपाक कधी करतात, झोप कशी लागते.

पानठेल्यावरच्या मंडळींसाठी तुझ्याकडे त्याहून मोठा माल आहे. तू गेलीस ते शहर आपल्या भागाला परकं नाही. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या हातात आलं. १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला, मँचेस्टरच्या आसपासच्या लँकेशायर भागातल्या गिरण्या बंद पडायला लागल्या आणि सगळ्यांच्या नजरा आपल्या काळ्या जमिनीकडे वळल्या. यवतमाळ ते मूर्तिजापूर पूर्वी धावायची ती शकुंतला रेल्वे, जिच्यात गावातल्या म्हाताऱ्यांनी प्रवास केलाय, ती लाइन एका ब्रिटिश कंपनीनं टाकली ती इथला कापूस बाहेर काढायला. मँचेस्टरच्या सायन्स अँड इंडस्ट्री म्युझियममध्ये गिरण्यांची जुनी यंत्रं ठेवली आहेत. पाहिली असशील तर त्यांचे फोटो त्या चार हजारांत असतीलच. ते दाखव, आणि सांग की आपल्या पणजोबांचा कापूस असल्याच यंत्रांवर चढायचा. १९३१ साली गोलमेज परिषदेला गेलेले गांधीजी लँकेशायरमधल्या डार्वेनला गेले होते. विदेशी कापडावरच्या बहिष्काराची झळ ज्यांना बसली, त्याच गिरणी कामगारांना जाऊन भेटले, त्यांचं म्हणणं ऐकलं. पाच वर्षांनी तेच गांधी आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामला राहायला आले. एवढं सांगितलंस तर खर्रा घोटणारा हात थांबेल, आणि कोणीतरी आपल्या आजोबाची जिनिंगमधली गोष्ट काढेल.

आणि तालुक्याच्या कॉलेजातल्या पोरी. त्यांना तुझ्या प्रेरणेची गरज नाही, माहितीची आहे. व्हिसासाठी दाखवायचे पैसे सलग २८ दिवस खात्यात असावे लागतात, टीबीच्या तपासणीचा दाखला लागतो, शिकत असताना आठवड्याला २० तासांहून जास्त काम करता येत नाही, पहिल्या महिन्यात नेमका किती खर्च येतो. हे एजंट पैसे घेऊन सांगतात, कधी चुकीचंही सांगतात. एका रविवारी चटई टाकून बस. त्यात एखादी पोरगी विचारेल, ‘ताई, तिथं रडायला येते का वं?’ तिला खरं सांग. माझा अंदाज आहे की त्या उत्तरात तुला वहीतली पहिली ओळ सापडेल, पण नाही सापडली तरी बिघडत नाही.

कारण परत येऊन तीन महिनेही झाले नाहीत आणि तू हिशेब मागतेस. तू एडिनबराला गेलीस म्हणून आठवलं. अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे पंजाबराव देशमुख एडिनबरा आणि ऑक्सफर्डला शिकले, बॅरिस्टर होऊन १९२०च्या दशकात परतले. आल्यावर अमरावतीत वकिली सुरू केली. श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली १९३२ साली, आणि देशाचं शेतीखातं त्यांच्याकडे आलं ते १९५२ साली. परतल्यानंतरच्या पहिल्या दिवाळीत पापळात कोणी त्यांना विचारलं असतं की काय कमावून आलास, तर त्यांच्याकडेही पदवीपलीकडे दाखवण्यासारखं काही नसतं. तू पंजाबराव हो असं मी म्हणत नाही. तुझ्यावर आधीच पुरेशी ओझी आहेत.

त्यातलं खरं ओझं एकच, कर्जाचं. शैक्षणिक कर्जाचा हप्ता बहुतेक बँकांत कोर्स संपल्यावर साधारण एक वर्षानं सुरू होतो, पण व्याज तोपर्यंत थांबत नाही, चढतच राहतं. तुझ्या मंजुरीपत्रात नेमकी तारीख असेल. ते काढ आणि आजवर व्याज किती चढलं ते शाखेत जाऊन लिहून घे. नोकरी नागपूर-पुण्यात शोधायची की इथल्याच पाणलोटाच्या, शेतीच्या कामात, हे ठरवायला तुझ्या हातात तेवढा वेळ आहे. तो वर्षभर पुरेल असं धरून चालू नकोस, कारण अर्ज, मुलाखती यातच चार-सहा महिने जातात. आणि मामांना आईच्या तोंडून निरोप पाठवत असशील तर तो थांबव. एक दिवस यवतमाळला स्वतः जा. ज्या घराचे कागद बँकेत पडले आहेत त्याच घरात त्यांच्यासमोर बसून पहिला हप्ता कोणत्या महिन्यात, किती रुपयांचा आणि तू तो कशातून भरणार आहेस ते सांग. अजून ठरलं नसेल तर ठरलं नाही म्हणून सांग. मामी जेवल्याशिवाय सोडणार नाही, तेवढा वेळ काढूनच जा.

— मावशी